वाडा म्हणू नका: शेतावरच्या घराचा इतिहास असा शोधा

शेतावरच्या घरात चार खोल्या काढून पाहुणे ठेवायला लागलं, की पहिल्याच संध्याकाळी सोप्यात चहा घेताना प्रश्न येतो, "घर किती वर्षांचं आहे वो?" बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरपासून जांबोटी-कणकुंबीपर्यंत आणि तिकडे चंदगडच्या हद्दीपर्यंत या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे: "तीनशे वर्षं तरी झाली असतील." मग घराचा वाडा होतो, कुणीतरी पूर्वज सरदार होतो आणि पाटीवर 'हेरिटेज' लिहिलं जातं. मला हे बघवत नाही. खरी हकीकत याहून मोठी असते. ती आपल्या ट्रंकेत, तालुक्याच्या कचेरीत आणि डोक्यावरच्या कौलांवर लिहिलेली असते, फक्त बसून वाचावी लागते.

आमचं घर वाडा नाही. ते कुळाचं घर आहे. माझ्या सासरच्यांनी पिढ्यानपिढ्या बेळगावात राहणाऱ्या एका सावकाराची जमीन खंडानं कसली, भाताची पोती त्यांच्या दारात नेऊन टाकली, आणि जमीन नावावर झाली ती 1974 च्या कायद्यानंतर. मी पाहुण्यांना हे पहिल्यांदा सांगते आणि मग जेवायला वाढते. पुण्याचे असोत, हुबळीचे असोत की गोव्याचे, हे ऐकून कुणी नाराज होऊन उठून गेलेलं नाही. उलट तिथून पुढं गप्पा सुरू होतात.

तुमचंही घर असंच पाहुण्यांसाठी उघडलं असेल किंवा उघडायचं मनात असेल, तर रंग आणि गाद्यांच्या आधी हे काम करा. कसं करायचं ते मला जमलं तसं सांगते.

तीन वयं वेगळी काढा

सगळ्यात आधी एक कोरी वही घ्या आणि तीन पानांवर तीन मथळे लिहा: जमीन, घर, माणसं. यांची वयं एक नसतात. जमीन दोनशे वर्षं कसलेली असू शकते, आपलं घराणं तिच्यावर शंभर वर्षांपूर्वी आलेलं असू शकतं आणि आजचं घर आजोबांनी बांधलेलं असू शकतं. तीनशे वर्षांचा घोळ इथंच होतो. देवळाचं वय घराला लागतं आणि गावाचं वय घराण्याला लागतं.

प्रत्येक नोंदीपुढं ती कुठून कळली ते लिहा. मी दोनच खुणा ठेवल्या आहेत: 'कागदात आहे' आणि 'घरात सांगतात'. दोन्हींना मान आहे, पण त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

ट्रंक उघडा, पण आवरू नका

घरात एक लोखंडी ट्रंक असतेच. त्यातलं काहीही 'हे काय कामाचं' म्हणून टाकू नका. खरेदीखत आणि वाटणीपत्र सगळे जपतात. फेकले जातात ते खंडाच्या पावत्या, फाळ्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचं पुस्तक, लग्नाच्या याद्या, पोस्टकार्डं. घराचा इतिहास नेमका त्यांत असतो. पावतीवर किती पोती भात दिलं, कुणाच्या हस्ते दिलं, कुठल्या सालाचं दिलं हे असतं. लग्नाच्या यादीत कुणाला किती पान-सुपारी लागली यावरून गावात आपली नाती कुणाशी होती ते कळतं.

कागद ज्या गठ्ठ्यात आहे त्याच गठ्ठ्यात राहू द्या. कुणीतरी कधीतरी ते काही कारणानं एकत्र बांधलेले असतात. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं हलका नंबर घाला, पेन वापरू नका. मग सकाळच्या उजेडात, ऊन थेट पडणार नाही असं बघून, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कोरी वाटणारी बाजूसुद्धा घ्या, मागच्या बाजूला हिशेब केलेले असतात.

आमच्या भागातल्या गठ्ठ्यात लिप्या मिसळलेल्या असतात. जुन्या पावत्या मोडीत, मधले कागद बाळबोध मराठीत, स्टँप इंग्रजी आणि पुढचे सगळे कन्नडमध्ये. मोडी वाचायला जाणकारच लागतो. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि कोल्हापूर-पुण्याची पुरालेखागारं इथं विचारलं की मोडी वाचणाऱ्यांचा पत्ता लागतो. कन्नडसाठी लांब जायला नको. शाळेत कन्नड शिकणारी घरातली मुलं बसवा. माझ्या जावेच्या मुलीनं पहाणीचे, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याचे, सगळे रकाने मला वाचून दाखवले, आणि तिला आपल्या पणजोबांचं नाव कन्नड अक्षरांत पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिनं ते बोटानं गिरवलं.

कागदावर तारीख नसली तरी कागदाचं डोकं, म्हणजे वरचा छापील मथळा, बघा. 'मुंबई' असेल तर कागद 1 नोव्हेंबर 1956 च्या आधीचा. त्या दिवशी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 'म्हैसूर' असेल तर 1956 ते 1973 मधला, आणि 'कर्नाटक' असेल तर त्यानंतरचा. 'बेळगावी' हे सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासूनचं. छापील फॉर्म शिल्लक असेपर्यंत वापरले जातात, म्हणून एकदोन वर्षं इकडंतिकडं धरा.

चंदगडवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. 1956 ला बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला जोडला गेला. माझं माहेर तिकडचं. माहेरच्या जुन्या कागदांवर जिल्हा बेळगाव आहे, म्हणून शोध फक्त कोल्हापुरात घेऊन थांबू नका.

तारीख असेल, पण सन ओळखीचा नसेल, तर हा हिशेब वापरा. शके असेल तर त्यात 78 मिळवा, आणि कागद पौष ते फाल्गुनातला असेल तर 79 मिळवून बघा. फसली सन, म्हणजे महसुलाचं साल, असेल तर आपल्याकडं 590 मिळवायचे. आमच्या सगळ्यात जुन्या खंडाच्या पावतीवर फसली 1331 आहे, म्हणजे 1921-22. पेशवाईतल्या कागदावर अरबी शब्दांत लिहिलेला शुहूर सन असतो, त्यात 599 मिळवायचे. फसली आणि शुहूर सन दोन्ही पावसाळ्याच्या तोंडाला बदलतात, म्हणून उत्तर नेहमी जोडवर्षात लिहा.

उताऱ्यावरून मागं मागं जा

आजचा उतारा नाडकचेरीत किंवा कर्नाटक सरकारच्या 'भूमी' या संकेतस्थळावर मिळतो. तो फाळा आणि कर्जापुरता बघायची आपल्याला सवय असते. इतिहासासाठी तो असा वाचा: 9 व्या रकान्यात नाव कुणाचं, 10 व्यात जमीन त्यांच्याकडं कशी आली आणि कुठल्या फेरफारानं (नाव बदलल्याच्या नोंदीनं), 11 व्यात बोजा आणि हक्क, 12 व्यात कसणारा कोण आणि पीक काय. 10 व्या रकान्यातला फेरफार नंबर हाच आपला धागा. तो फेरफार काढायचा, त्यात आधीच्या नावाचा उल्लेख असतो, मग त्याच्या आधीचा फेरफार काढायचा. असं एकेक पायरी खाली उतरत जायचं.

संगणकावरचा उतारा साधारण 2000 नंतरचा. त्याआधीच्या हातानं लिहिलेल्या पहाण्या आणि फेरफाराच्या वह्या तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. अर्जात सर्व्हे नंबर, गावाचं नाव आणि कुठल्या काळाचं हवं ते स्पष्ट लिहून नकला मागायच्या. या जुन्या कागदांचं स्कॅनिंग आता 'भूसुरक्षा' नावानं चाललंय, म्हणून आपल्या गावाचं झालं का तेही विचारा. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात 1903 चा. म्हणून फेरफाराची साखळी साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नेते, त्यामागं क्वचितच.

त्यामागं जायचं तर मोजणी खात्यात टिप्पण (शेताचा मोजणीचा नकाशा) आणि आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद) मागा. बेळगाव जिल्ह्याची पहिली शास्त्रीय मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झाली. आजचा सर्व्हे नंबर बहुतेक तोच असतो, हिस्से तेवढे वाढत जातात. टिप्पणात शेताचा आकार, बांध, कधी विहीर आणि ओढा दाखवलेला असतो. तो कागद हातात धरून शेतात चालून बघा. मोजणीची साखळी 33 फुटांची होती आणि 33 फूट चौरस म्हणजे एक गुंठा. आमच्या खालच्या वाफ्याचा वाकडा बांध टिप्पणात जसा आहे तसाच आजही वाकडा आहे. ट्रॅक्टरवाला दरवर्षी तो सरळ करू का म्हणतो. आम्ही करू देत नाही.

जमीन इनाम असेल तर वेगळा माग आहे. 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशन नेमलं गेलं आणि दख्खनबरोबर आपल्या दक्षिण मराठा मुलखातल्या इनामांचीही छाननी झाली. त्याचे कागद पुण्याच्या पुरालेखागारात शोधावे लागतात. आणि 1884 साली छापलेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 21 वा खंड बेळगाव जिल्ह्याचा आहे. तो इंटरनेटवर फुकट मिळतो. आपलं घर त्यात मिळणार नाही, पण खानापूर तालुक्यात तेव्हा काय पिकायचं, कुठल्या वाटेनं माल कोकणात उतरायचा, बाजार कुठं भरायचे, ते सगळं कळतं. त्यातलं वाक्य उचलून 'आमचं घर' म्हणून मात्र लिहू नका.

कुळाची फाइल

तुमचं घराणं कुळ असो वा मालक, ही फाइल काढल्याशिवाय सीमाभागातल्या कुठल्याच शेताचा इतिहास पुरा होत नाही. मला याबद्दल फार वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुंबईचा कूळकायदा 1948 चा. तेव्हा चंदगड आणि खानापूर एकाच जिल्ह्यात. पुढं त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला, त्या दिवशी कसणारं कुळ जमिनीचं मालक मानलं गेलं. पण त्याच्या पाच महिने आधी हद्द पडली होती. चंदगड महाराष्ट्राच्या बाजूला राहिलं, त्यांना कृषक दिन मिळाला. आम्ही म्हैसूरच्या बाजूला आलो. इकडं कुळांच्या जमिनींचा सरसकट निकाल लावणारी तारीख आली ती 1 मार्च 1974, कर्नाटकच्या भूसुधारणा कायद्यातल्या दुरुस्तीची. म्हणजे माझ्या माहेरी वडिलांच्या नावावर जमीन झाली तेव्हापासून सतरा वर्षं माझ्या सासरी खंडाची पोती जातच होती. मधे एक डोंगर आणि एक हद्द. लग्नाच्या बोलण्यात 'मुलाकडं जमीन स्वतःची आहे की खंडाची' हे माझ्या काकांनी दोनदा विचारलं होतं, त्याचं कारण मला हे कागद बघताना कळलं.

1974 नंतर कुळानं 7 नंबरचा फॉर्म भरून लँड ट्रिब्युनलपुढं अर्ज करायचा होता. त्याची शेवटची मुदत 30 जून 1979 पर्यंत वाढली. हक्क मान्य झाला की 10 नंबरच्या फॉर्ममध्ये दाखला मिळायचा. बहुतेकांच्या घरी हा 10 नंबरचा दाखला फ्रेम करून देवघराशेजारी लावलेला असतो. पण खरा खजिना दाखल्यात नाही, ट्रिब्युनलच्या फाइलीत आहे. ती तालुका कचेरीत अर्ज करून नक्कल मागून घ्या. त्यात कुळाची जबानी असते, मालकाची असते, शेजारच्या शेतकऱ्यांच्या साक्षी असतात. किती वर्षं कसतो, आधी कोण कसायचं, खंड किती, विहीर कुणी पाडली, घर कुणी बांधलं, हे सगळं शपथेवर सांगितलेलं असतं. माझे आजेसासरे मी सून होऊन यायच्या आधीच गेले. त्यांचा फोटो एकच आहे. पण त्यांच्या जबानीत एक वाक्य आहे, की मांगर माझ्या बापानं घातला, पुढची पडवी मी घातली, दगड मालकाचा आणि अंगमेहनत आमची. आमच्या घराचा याहून चांगला इतिहास मी लिहू शकत नाही, म्हणून ते वाक्य मी पाहुण्यांच्या खोलीत जसंच्या तसं लावलंय.

मालकाच्या घरीही जा. हे पुष्कळांना अवघड वाटतं, मनात जुनं असतं. तरी जा. खंडाच्या वह्या त्यांच्याकडं असतात. त्या वह्यांत आपल्या घरातली नावं, दुष्काळाच्या वर्षी दिलेली सूट, बियाण्याला दिलेलं भात, सगळं एका रांगेत मिळतं. आमच्या मालकांच्या घरात एका विधवा बाईंचा संसार त्या खंडावर चालायचा, जमीन गेल्यावर त्यांनी शिकवण्या करून मुलं वाढवली. हेही मी लिहिलंय. इतिहास लिहायचा तर त्यांची बाजू वगळून कशी चालेल?

घर वाचा

कागदांनंतर घराकडं या. भिंतीला जिथं जोड दिसतो तिथं थांबा. एका बाजूला चिरा आणि दुसऱ्या बाजूला मातीची भिंत असेल तर बांधकाम दोन वेळा झालंय. तुळईवर वाकसाचे घाव दिसतात की करवतीच्या सरळ रेघा, ते बॅटरी मारून बघा. घाव असलेलं लाकूड सहसा आधीचं. लाकूड कुठलं तेही जुन्या सुताराला विचारा. आमच्याकडं मागच्या भागात किंदळ आणि पुढं साग आहे. मागचं जवळच्या रानातलं, पुढचं विकत घेतलेलं. खांबात रिकामी खाच दिसली, तर ते लाकूड दुसऱ्या घरातून आलंय.

कौलांबद्दल नीट ऐका, कारण इथं फार लोक फसतात. मंगळुरी कौल उलटं केलं की कारखान्याचं नाव आणि बऱ्याचदा साल दिसतं. बासेल मिशनच्या कौलावर 1865 असतं, आल्बुकर्क आणि सन्सच्या कौलावर 1868. ही कारखाने सुरू झाल्याची सालं आहेत, कौल भाजल्याची नव्हेत. 1865 चं कौल दाखवून 'घर तेव्हाचं' असं सांगणारे होमस्टे मी बघितलेत. पण याच कौलाचा दुसरा उपयोग आहे. पहिल्या महायुद्धानंतर बासेल मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडं गेले, आणि कौलावरचं नाव बदललं. म्हणजे कॉमनवेल्थचं कौल युद्धाच्या आधीचं असूच शकत नाही. आमच्या पडवीवर तीच आहेत. ती आणि 1921-22 ची पावती जुळते, म्हणून पडवी त्या सुमाराची किंवा थोडी नंतरची, एवढंच मी सांगते. कौलं एका घरावरून उतरवून दुसऱ्यावर चढवली जातात, तेव्हा नुसत्या कौलावर घराचं वय ठरवू नका. पुष्कळ छपरांवर खानापूरच्याच कारखान्यांची कौलं मिसळलेली असतात. तीही उतरवून बघा, आपल्या मातीची आहेत.

भांडीही बोलतात. भात मोजायचं मापटं, पायली, शेर माळ्यावर असतील तर त्यांवरचे शिक्के बघा. किलो-लिटर आपल्याकडं 1958 पासून टप्प्याटप्प्यानं आले, त्याआधीची मापं त्या खंडाशी थेट बांधलेली आहेत. आमचं मापटं पाहुण्यांच्या हातात देते आणि पावतीवरचा आकडा भातानं मोजून दाखवते.

माणसांना विचारा

म्हाताऱ्या माणसाला 'कुठल्या साली?' असं विचारलं की तो गप्प होतो. आमच्या भागात काळ मोजायचं गावाचं माप लक्ष्मी यात्रा आहे. गावोगावी ती बऱ्याच वर्षांच्या अंतरानं भरते, म्हणून प्रत्येक यात्रा आठवणीत पक्की असते. "विहीर पाडली ती यात्रेच्या आधी की मागून?" असं विचारा. मग दुसऱ्या खुंट्या लावा. प्लेगात लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिले ते दिवस, 1918 ची मानमोडी (इन्फ्लुएंझाची साथ), 1924 ला गांधीजी काँग्रेसला बेळगावात आले ते, 1956 ची हद्द, डिसेंबर 1961 ला गोवा सुटलं ते, 1972 चा दुष्काळ. आमच्या पश्चिमेकडच्या गावांत गोव्याची खुंटी फार उपयोगी पडते, कारण घाटाखाली येणंजाणं प्रत्येक घराचं होतं. अलीकडची खुंटी हवी तर 2019 च्या ऑगस्टमधला पूर आहे, मलप्रभा खानापुरात घरांत शिरली होती.

फोनवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. एकट्याला विचारण्यापेक्षा दोन म्हाताऱ्यांना एकत्र बसवा, एक विसरला की दुसरा त्याला हटकतो. शेजारी कन्नड बोलणारं घर असेल तर तिथंही जा. आपल्या घराबद्दल जे आपण बोलत नाही ते शेजाऱ्याला ठाऊक असतं.

हेळवी अजून येत असतील तर तो दिवस सोडू नका. पिढ्यांच्या वह्या घेऊन ते वर्षा-दोन वर्षांनी दारात येतात, मूळ गाव, कुळी, पणजोबा-खापरपणजोबांची नावं वाचून दाखवतात आणि नव्या मुलांची नावं लिहून घेतात. त्यांना भात, कापड, दक्षिणा जे रीतीचं असेल ते द्या, जेवायला घाला, आणि मग विनंती करा, की आमचं पान सावकाश वाचा. त्यांचा शब्द 'घरात सांगतात' या खुणेखाली लिहायचा, आणि फेरफारातल्या नावांशी ताडून बघायचा. आमच्या बाबतीत चार पिढ्या जुळल्या.

गावच्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टरही बघायला मिळतं का विचारा. मुलाची जन्मतारीख, पालकाचं नाव, शाळा सोडल्याचं कारण त्यात असतं. कारणाच्या रकान्यात 'गुरं राखण्यास' असं लिहिलेलं आमच्या एका चुलतसासऱ्यांच्या नावापुढं आहे.

या सगळ्या कागदांत बायका मिळत नाहीत. हेळवीच्या वहीत क्वचित, उताऱ्यावर नवरा गेल्यावर 'वारस' म्हणून. एका कागदात मात्र घरच्या सगळ्या मुलींची नावं एका ओळीनं, गावांसकट मिळतात: हक्कसोड पत्र. हक्क सोडताना त्यांची नावं लिहावी लागली. ते पत्र उपनिबंधकाच्या कचेरीत नोंदलेलं असतं, नक्कल मिळते. त्यावरून प्रत्येक माहेरवाशीण कुठं दिली ते शोधा आणि तिला, ती नसेल तर तिच्या मुलींना, फोन करा. सुनेपेक्षा लेकीला घर जास्त ठाऊक असतं. न्हाणी आधी कुठं होती, जातं कुठल्या कोपऱ्यात होतं, पिंजराची गंज पेटली ती रात्र, आमच्या घरातलं हे सगळं मला लेकींनी सांगितलं. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर म्हणवून घ्या. माझ्या आतेसासूबाईंनी फोनवर म्हटलेल्या ओवीत आमच्या शेताच्या आंब्याचं नाव आहे, आणि तो आंबा आता नाही.

मग गडी, गवळी-धनगर, कुंभार. खळ्यावर रात्ररात्र मळणी कुणी केली, उन्हाळ्यात शेतात म्हशी बसवून खत कुणी दिलं, कणगीला तट्ट्या कुणी विणल्या. या घरांत जा आणि त्यांच्या तोंडून ऐका. त्यांचं नाव भिंतीवर लावायचं असेल तर त्यांना विचारा, कसं लिहायचं तेही विचारा. 'आमचे गडी' असं लिहू नका, नावानं लिहा.

पाहुण्यांपुढं मांडताना

एवढं सगळं जमलं की वही फुगते. पाहुण्यांसाठी एकच पान करा, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. सुरुवात तुम्हाला पक्कं माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या कागदानं करा. आमचं पान '1921-22 च्या खंडाच्या पावतीवर' असं सुरू होतं. 'घरात सांगतात' ते तिरक्या अक्षरांत घाला. बाहेरच्या नावाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं असा 2024 चा नियम आहे, पाटी रंगवायच्या आधीच तेवढी जागा ठेवा.

खोल्यांना 'रॉयल', 'महाराजा' अशी नावं देऊ नका. शेतांची नावं द्या. आमच्या खोल्या कुंभारवाफा, आंब्याकडचं, पाणंदीवरचं आणि खळं अशा आहेत, आणि सकाळी पाहुण्यांना त्या त्या शेतात नेता येतं. ताटात जे वाढता तेही याच इतिहासातलं असू द्या: इंटाणचा भात, नाचण्याची भाकरी, परसातल्या आळूचं फदफदं. पाहुणे कुंदा बेळगावातून घेऊन जातीलच.

वाटणीतली भांडणं, चालू दावे, सर्व्हे नंबर, कुणाच्या सह्या भिंतीवर लावायच्या नाहीत. 10 नंबरचा मूळ दाखला उन्हात फ्रेममध्ये ठेवू नका, शाई उडते. छायाप्रत लावा.

मूळ कागदांना प्लास्टिक लॅमिनेशन कधीही करू नका. आमच्याकडचा पाऊस जूनपासून चार महिने कोसळतो, कणकुंबीच्या बाजूला तर विचारू नका. आत अडकलेली ओल कागद खाऊन टाकते. टाचण्या, रबर, चिकटपट्टी काढून टाका, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, वेखंडाची पोटली ठेवा आणि ट्रंक भिंतीला न टेकवता लाकडी पाटावर ठेवा. पाऊस सरला की खंडेनवमीला अवजारांबरोबर ट्रंकही उघडा, कागद सावलीत पसरा आणि कसर किंवा वाळवी लागली आहे का ते बघा.

वहीच्या तीन प्रती करा. एक घरात, एक माहेरवाशिणीकडं दुसऱ्या गावात. तिसरी आम्ही ज्यांच्या आजोबांनी आमच्या खळ्यावर जन्मभर मळणी केली त्यांच्या नातवाकडं दिली आहे, त्यांच्या घराची पानं त्यांनी स्वतःच्या हातानं भरावीत म्हणून मागची निम्मी वही कोरी ठेवून.